तीन भावांचा लॅपटॉप

आमच्या सासऱ्यांच्या घरात एकही वस्तू कधी जुनी झाली नाही, कारण ती नवी असताना त्यांनी ती कोणाला वापरूच दिली नाही. माणसं वस्तू विकत घेतात ती वापरण्यासाठी, असा माझा लग्नापर्यंत समज होता. मी देशावरचा, कराडकडचा. आमच्याकडे नवी खुर्ची आली की आठवडाभरात तिचा एक पाय डुगडुगायला लागतो आणि त्यानंतर सगळं घर जन्मभर त्याच खुर्चीवर बसतं. नोकरीच्या निमित्ताने रत्नागिरीला आलो, इथलीच मुलगी केली, आणि जावई म्हणून पहिल्यांदा सासऱ्यांच्या पडवीतल्या खुर्चीवर टेकलो तेव्हा खालून चर्रर्र असा आवाज आला. वाटलं, मोडली. पण वाजत होतं ते खुर्चीवरचं प्लॅस्टिक. दुकानातून येताना होतं तसंच ते अजून गुंडाळलेलं होतं. वैशाखातला उकाडा, घामाने पाठ चिकटलेली. मी उठलो तशी खुर्चीही माझ्याबरोबर उठली. सासरे लगबगीने पुढे आले. "काही झालं नाही ना?" मी संकोचून म्हटलं, "छे छे, मला काही नाही झालं." तर म्हणाले, "तुम्हाला नव्हे हो, प्लॅस्टिकला विचारतोय."

सासरे पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाले होते. सगळी नोकरी नियमांच्या पुस्तकात गेल्यामुळे छापील सूचनेवर त्यांची जी श्रद्धा होती, ती मी भल्याभल्यांची देवावर पाहिली नाही. कुठलीही वस्तू घरात आली की तिच्याबरोबरची माहितीपुस्तिका ते पडवीत बसून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मोठ्याने वाचत. मध्ये कोणी उठलेलं त्यांना खपत नसे. नवा कुकर आला तेव्हा सासूबाईंना त्यांनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसवून 'वाफ पूर्ण गेल्याची खात्री झाल्याशिवाय झाकण उघडू नये' हे वाक्य दोनदा ऐकवलं. सासूबाईंनी उभा जन्म कुकरपुढे काढलेला. त्या म्हणाल्या, "जळ्ळं मेलं ते पुस्तक! खात्री करीत बसले नि तिकडे भाताचा कोळसा झाला." सासऱ्यांनी पुस्तिका पुन्हा चाळली आणि करपलेल्या भाताबद्दल त्यात काही म्हटलेलं नाही असं शांतपणे सांगितलं.

स्कूटरचंही तेच. नव्या स्कूटरचा वेग सुरुवातीला बेताचा ठेवावा म्हणजे इंजिनाचं आयुष्य वाढतं, असं पुस्तिकेत होतं. सासऱ्यांनी विचार केला, सुरुवातीला आयुष्य वाढतं तर पुढे का वाढू नये? त्यामुळे ती स्कूटर पुढेही तशाच बेताने चालली. एकदा त्यांच्या मागे बसून मी भाट्याला निघालो होतो. पुलाच्या तोंडाशी त्यांचे एक ओळखीचे गृहस्थ भेटले आणि पुलाच्या दुसऱ्या टोकापर्यंत आमच्या शेजारून गप्पा मारत चालत आले. निरोप घेताना ते म्हणाले, "बरंय, मी जरा पुढे होतो. घाईत आहे."

माळ्यावर खोकी होती. मिक्सरचं खोकं, इस्त्रीचं खोकं, भिंतीवरच्या घड्याळाचं खोकं, प्रत्येकात थर्माकोल, पिशव्या आणि त्या पिशव्यांना बांधलेल्या तारासुद्धा. कुठलीही वस्तू जशी आली तशी पुन्हा भरता आली पाहिजे, हा त्यांचा दंडक. "उद्या परत करायची वेळ आली तर?" असं ते विचारत. माझ्या माहितीत त्यांनी आयुष्यात एकही वस्तू परत केलेली नाही. पण परत करण्याची सिद्धता मात्र कायम होती, आणि तेवढ्यावर त्यांना रात्री शांत झोप लागे.

अशा घरात लॅपटॉप आला. माझा मेहुणा, म्हणजे सासऱ्यांचा एकुलता एक मुलगा, अमेरिकेत असतो. रजेवर आला तेव्हा तो कॅमेरा असलेला लॅपटॉप घेऊन आला. दर रविवारी सकाळी आईने आपल्याला बघावं, एवढाच त्यामागचा उद्देश. सासूबाईंना तो लगेच पटला. सासऱ्यांनी मात्र पडद्यावरची निळसर फिल्म काढू दिली नाही. त्यामुळे सूनबाई पहिल्यांदा दिसल्या तेव्हा सासूबाई घाबरून म्हणाल्या, "अगो, तोंड निळं का पडलंय हिचं? थंडी बाधली की काय?" बॅटरी झिजते म्हणून ती काढून पुन्हा खोक्यात ठेवलेली. विजेचा तर आमच्याकडे भरवसाच नव्हता. मुलगा "आई, तुला एक सांगायचंय..." असं म्हणायचा आणि गडप व्हायचा. पुढचं त्यांना दुसऱ्या रविवारी कळे.

मुलगा परत गेल्यावर सासऱ्यांनी पुस्तिका हातात घेतली आणि एका पानाशी ते थबकले. या यंत्राबरोबर दुरुस्तीच्या सीडी येत नाहीत, त्या आपल्या आपण तयार करून घ्यायच्या, असं तिथे लिहिलेलं होतं. त्या कोऱ्या असताना विकत घ्यायच्या, यंत्र त्यांच्यावर स्वतःचं मूळ रूप उतरवून देतं, आणि पुढे कधी यंत्र बिघडलं की त्या एकामागून एक घातल्या की ते पुन्हा कारखान्यातून निघालं होतं तसं होतं. सासऱ्यांचे डोळे पाणावले नाहीत इतकंच. उभ्या आयुष्यात ज्या तत्त्वासाठी त्यांनी माळा भरला, ते तत्त्व एका परदेशी कंपनीला मान्य होतं. खाली ठळक अक्षरांत आणखी एक सूचना होती, की हा संच एकदाच तयार करता येईल. "एकदाच!" ते मला म्हणाले. "बघितलंत? उगाच दहा ठिकाणी दहा नकला नाहीत. ह्याला म्हणतात शिस्त." त्यांनी तीन कोऱ्या सीडी आणल्या आणि दिवसभर बसून संच तयार केला. त्या दिवशी पडवीत कोणाला शिंकायलाही परवानगी नव्हती.

इथपर्यंत कुठल्याही काटेकोर माणसाने केलं असतं. पुढे त्यांनी जे केलं ते फक्त त्यांच्या घराण्यात होऊ शकतं. सासऱ्यांचं मूळ घर आंजर्ल्याला. तिथे कुलदेवीचा चांदीचा मुखवटा एका पेटाऱ्यात असतो आणि त्या पेटाऱ्याला तीन कुलपं आहेत. तीन भाऊ, तीन कुलपं, तीन किल्ल्या. नवरात्रात तिघे जमले तरच देवी बाहेर येणार. त्यातही रीत अशी, की किल्ली कोणी कोणाच्या हाती द्यायची नाही. किल्लीवाल्याने स्वतः यायचं आणि स्वतःच्या हाताने आपलं कुलूप उघडायचं. भाऊबंदकी काय चीज आहे हे ज्या पूर्वजाला कळलं होतं, त्याचीच ही योजना असणार. मौल्यवान वस्तू सांभाळायची याहून चांगली पद्धत सासऱ्यांना ठाऊक नव्हती. त्यांनी पहिली सीडी आपल्याकडे ठेवली, दुसरी जयगडच्या मधल्या भावाकडे दिली आणि तिसरी आंजर्ल्याच्या धाकट्या भावाकडे.

गोम एवढीच, की धाकट्याशी त्यांचा अबोला होता. आंजर्ल्याच्या घरामागे एक जुना फणस होता. पर्यटक यायला लागले तसं धाकट्या काकांनी घरातल्या दोन खोल्या भाड्याने द्यायला काढल्या आणि फणस तोडून त्या जागी पाहुण्यांसाठी संडास-बाथरूम बांधलं. विचारलं नाही, कळवलंही नाही. सासरे नवरात्रात गेले ते परसात फणस शोधायला लागले आणि त्यांना दिसली निळी टाइल. त्या दिवसापासून त्यांनी धाकट्या भावाचं नाव घेणं सोडलं. उल्लेख करायची वेळ आलीच तर 'आंजर्लेवाले' म्हणत, जणू तिथलं एखादं सब-पोस्ट ऑफिसच. नवरात्रात पेटाऱ्यापुढे तिघे येत, आपापलं कुलूप उघडत, आणि दोघे एकमेकांकडे न बघता परत जात.

मी विचारलं, "बाबा, तुम्ही बोलत नाही त्यांच्याशी, मग सीडी कशी पाठवली?"

"बोलणं बंद आहे, हक्क बंद नाही," सासरे म्हणाले. "वाट्याचं पाठवायलाच हवं. विमा उतरवून रजिस्टर पार्सल केलं."

मधल्या काकांची सीडी त्यांनी स्वतः जाऊन दिली होती, मांजरपाटाच्या पिशवीत शिवून, वर लाखेचा एक शिक्का मारून. आंजर्ल्याच्या पार्सलवर पाच शिक्के होते. चार कोपऱ्यांना चार आणि मधोमध एक. "एकावर भागलं असतं," ते म्हणाले, "पण तो माणूस उघडून बघायला कमी करायचा नाही." पोस्टातल्यासारखा पितळी शिक्का त्यांनी निवृत्तीनंतर खास बनवून घेतला होता. तो मारताना मी एकदा पाहिलं होतं. खिडकीवरची मांडणी हादरत असे.

दोनेक वर्षं लॅपटॉप नीट चालला, कारण तो रविवारीच उघडला जाई. मग एका लग्नाचे फोटो कोणीतरी पेनड्राइव्हवर आणून दिले आणि त्या फोटोंबरोबर कसला तरी व्हायरस घरात शिरला. यंत्र चालू व्हायला इतका वेळ लागू लागला की सासूबाई ते चालू करून आंघोळीला जात. पडद्यावर अनोळखी बायका येऊन 'माझ्याशी मैत्री करणार का?' असं विचारू लागल्या. सासऱ्यांनी पुस्तिका काढली. सासूबाईंनी पडद्यावर टॉवेल टाकला. शेवटी एके दिवशी ते चालूच होईना.

आणि नेमकं त्याच आठवड्यात अमेरिकेत नातू झाला होता. सासूबाईंचं बाळंतपणाला जायचं ठरलं होतं, मेथीचे लाडू वळून झाले होते, पण डॉक्टरांनी इतक्या लांबच्या विमानप्रवासाला साफ नको म्हटलं. लाडू आम्ही खाल्ले. माउलीने तक्रार केली नाही, फक्त एक मागणं मागितलं: बारसं कॅमेऱ्यावर दाखवा, पाळणा मी इथून म्हणेन. आमची सौ. बाळाची आत्या, तिने इथूनच कुर्र करायचं ठरलं. तिकडे शनिवारची संध्याकाळ, इकडे रविवारची सकाळ. सासूबाई रोज दुपारी पाळणा गुणगुणायच्या आणि टॉवेलखालच्या त्या लॅपटॉपकडे बघायच्या. मला त्यांच्याकडे बघवत नसे.

मी बाजारातल्या एका कॉम्प्युटरवाल्याला घरी घेऊन आलो. आखातात काही वर्षं काढून परत आलेला, बोलका आणि घाईचा माणूस. त्याने लॅपटॉप इकडून तिकडे फिरवला आणि विचारलं, "काका, ह्याच्यातच एक वेगळा भाग असतो दुरुस्तीसाठी राखलेला. तो दिसत नाही कुठे?"

"तो लाल दिसत होता," सासरे म्हणाले. "भरत आलाय म्हणून सांगत होता. मी साफ केला. उगाच अडवलेली जागा ती."

कॉम्प्युटरवाल्याने कपाळाला हात लावला. "काका, आता एकच. मी माझ्याकडची विंडोज टाकतो. तासाभराचं काम."

"तुमची नको," सासरे म्हणाले. "आमची पाहिजे. मूळची. आमच्याकडे तिचा संच आहे."

"मग द्या की!"

सासरे खुर्चीत जरा सरसावून बसले. "संच आहे," ते म्हणाले, "पण तो तिघांकडे आहे."

मी पोटतिडकीने समजावून पाहिलं. बारसं रविवारी आहे, जगात सगळे असंच करतात, बाळ पडद्यावर दिसलं म्हणजे झालं. पण जावयाने बोलायचं आणि सासऱ्यांनी ऐकायचं, याला मर्यादा असतात. मधल्या काकांना फोन गेला. ते निवृत्त शिक्षक, भावाला दुसरा शब्द विचारणारे नव्हेत. शनिवारी येतो म्हणाले. उरली तिसरी सीडी. सासरे फोन करणार नव्हते आणि सासूबाईंनी केलेला चालणार नव्हता. "जावईबापू," ते नजर दुसरीकडे ठेवून म्हणाले, "तुम्हाला तिकडे हिंडायला आवडतं ना? वाटेत दोन फेरीबोटी लागतात. गंमत असते."

अशा रीतीने मी गंमत करायला निघालो. जयगडला एक खाडी, दाभोळला दुसरी, मोटारसायकल बोटीवर चढवायची, उतरवायची, आणि शेवटी आंजर्ल्याच्या खाडीपाशी ती ठेवून होडीने पलीकडे. धाकटे काका आगरात पोफळींना पाणी लावत होते. पन्नाशी उलटलेले, टक्कल पडलेले, अंगात बनियन. त्यांनी मला आधी आंघोळ करायला लावली, त्याच निळ्या टाइलच्या बाथरूममध्ये, मग जेवायला घातलं, आणि मग विचारलं, "कशास आलास ते सांग आता."

मी सांगितलं. ते आत गेले आणि पार्सल घेऊन आले. पाचही शिक्के शाबूत. उघडून बघायचं सोडाच, मांजरपाटाला सुरकुतीसुद्धा नव्हती. मी हात पुढे केला, तसं त्यांनी पार्सल मागे घेतलं.

"देणार नाय," ते म्हणाले.

"काका, रविवारी बारसं आहे हो. तुमच्या वहिनी रोज..."

"अरे, ऐक तरी! देणार नाय म्हणजे हातात देणार नाय. किल्लीवाला किल्लीबरोबर जातो, ही रीत आहे आमची. मी येतो शनिवारी. त्यांना सांग, येतोय म्हणून. बोलायला येत नाय म्हणावं, सीडी घालायला येतोय."

शनिवारी दुपारी तिघे भाऊ पडवीत लॅपटॉपपुढे बसले. मी इतकी गंभीर सभा नंतर कधी पाहिली नाही. सासऱ्यांनी स्वच्छ धोतर नेसलं होतं. मधले काका मध्ये बसले, कारण बाकीचे दोघे एकमेकांशेजारी बसणार नव्हते. सासऱ्यांनी पहिली सीडी घातली. जुनं सगळं पुसलं जाईल, चालेल का, असं यंत्राने विचारलं. सासऱ्यांनी ते वाक्य मोठ्याने वाचलं, मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं, आणि होकार दिला. निळी पट्टी सरकू लागली. दुपारचा चहा झाला. यंत्राने दुसरी सीडी मागितली, तशी मधल्या काकांनी शिक्का फोडून स्वतःच्या हाताने ती आत सारली आणि नकळत हात जोडले.

"जावईबापू, त्यांना सांगा," धाकटे काका माझ्याकडे वळून म्हणाले, "माझं आलं की मला सांगा. तोवर मी अंगणात आहे."

"जावईबापू, त्यांना म्हणावं," सासरे पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "आता अर्धं झालंय. जागा सोडू नका."

"बंडू, बस रे," मधले काका म्हणाले. घरात धाकट्याला त्या नावाने हाक मारणारे आता तेच उरले होते.

तिसऱ्या सीडीची मागणी आली. धाकट्या काकांनी पार्सल सगळ्यांना दिसेल असं धरलं, पाचही शिक्के एकेक करून दाखवले, आणि शिवण उसवली. सीडी बाहेर आली. सासूबाई दारात उभ्या होत्या. काकांनी ती उजेडाकडे धरली आणि त्यांचा हात तसाच राहिला. मधल्या भोकापासून कडेपर्यंत एक बारीक तडा गेला होता. मधला शिक्का बरोबर जिथे बसला होता, तिथून तो निघाला होता.

धाकट्यांनी ती सीडी तरीही आत घातली, कारण ती घालायलाच ते आले होते. यंत्र घरघरलं, खरखरलं आणि 'तिसरी सीडी घाला' असं पुन्हा म्हणालं. पुन्हा घातली, पुन्हा तेच. पहिल्या दोन सीडींनी आधीचं सगळं पुसून टाकलं होतं. मूळचं रूप पुरतं आलं नव्हतं आणि असलेलं गेलं होतं.

सासऱ्यांनी चष्मा पुसून तो तडा पाहिला. "शिक्का जरा जोरात बसला," ते म्हणाले. कोणाला उद्देशून म्हणाले ते कळलं नाही. धाकट्या काकांना त्या क्षणी काय काय बोलता आलं असतं! शिक्के कोणी मारले, पाच का मारले, उघडून बघेल म्हणून कोणाबद्दल शंका होती, हे त्यांनी मनात नक्कीच जुळवलं असणार. पण त्यांनी ती सीडी पुन्हा मांजरपाटात घातली आणि नुसतं म्हणाले, "जावईबापू, त्या माणसाला बोलवा. वैनीचं बारसं चुकायला नको." मला त्या टकलू माणसाबद्दल एकदम फार आदर वाटला.

कॉम्प्युटरवाला दुकान बंद करून धावत आला. "बोललो होतो की नाय, काका?" एवढं म्हणून त्याने आपली विंडोज टाकली. कॅमेरा चालू झाला, चित्र दिसलं. आवाज मात्र काही केल्या येईना. आवाजाचा जो काही भाग असतो तो मूळच्या संचात होता आणि त्याच्याकडे नव्हता. "चित्रावर भागवा, आवाजाला फोन आहेच की," असं म्हणून तो गेला. तोवर शेवटची फेरीबोटही गेली होती, त्यामुळे धाकट्या काकांना राहणं भाग पडलं. सासूबाईंनी न विचारता त्यांच्यासाठी तांदळाची भाकरी टाकली. जेवताना दोघे भाऊ एकाच पंगतीला बसले आणि मीठ माझ्यामार्फत मागत होते.

रविवारी सकाळी बारसं झालं. लॅपटॉपवर मुका पडदा आणि कानाला फोन. तिकडे पाळणा नव्हता, एक झुलती टोपली होती. पडद्यावर बाळ झोपलेलं, त्याच्या कानाशी सूनबाईंनी धरलेला फोन, आणि इकडे आमची सौ. रिसीव्हरमध्ये "कुर्र" करून म्हणाली, "ईशान." मग रिसीव्हर सासूबाईंकडे आला. इतके दिवस घोकलेला पाळणा. त्यांनी पहिली ओळ म्हटली, पडद्यावर नातवाने झोपेत ओठ हलवले, आणि त्या पडद्यावरून बोट फिरवू लागल्या. दुसरी ओळ काही येईना. तिकडे सगळे थांबलेले, इकडे सगळे थांबलेले. धाकटे काका पहिल्या फेरीला जायचं म्हणून पिशवी घेऊन दारात उभे होते, तेही थबकले.

सुरू केलेली कुठलीही गोष्ट अर्ध्यावर सोडणं सासऱ्यांच्या स्वभावात नव्हतं. ते उठले, सासूबाईंच्या हातातून रिसीव्हर घेतला, ताठ बसले, आणि पाळणा पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू केला. ज्या आवाजात मी आजवर फक्त माहितीपुस्तिका ऐकल्या होत्या, त्या आवाजात.

"खाडीला आली भरती, तारवं लागली काठा,
निजला गं माझा बंडू, करू नका बोभाटा."

सौ.ने माझ्याकडे पाहिलं. मधले काका खाली बघू लागले. सासऱ्यांच्या काही लक्षात आलं नव्हतं. डोळे मिटून ते एकेक कडवं म्हणत गेले, आणि प्रत्येक कडव्यात नाव यायच्या जागी बंडूच येत राहिला. बंडू हसला, बंडू रुसला, बंडूला दृष्ट लागली, बंडूची दृष्ट काढली. तिकडे सातासमुद्रापलीकडचा ईशान ते ऐकत गाढ झोपला. पाळणा पुरा झाला तेव्हाच सासऱ्यांनी रिसीव्हर खाली ठेवला.

"दादा," धाकटे काका म्हणाले. मध्ये जावईबापू नव्हते. "बाळाचं नाव घ्यायचं होतंस. माझं घेतलंस तू सगळीकडे."

सासऱ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. "आई भाताच्या लावणीला जायची तेव्हा तुझा पाळणा माझ्याकडे असायचा," ते म्हणाले. "मला तो असाच पाठ आहे, बंडू. दुसरं नाव घालून मी कधी म्हटलेला नाही."

धाकट्या काकांनी पिशवी दारातच ठेवली आणि दुपारच्या फेरीने जाईन म्हणाले.

सासरे जाऊन आता बरीच वर्षं झाली. मागोमाग सासूबाई गेल्या, मधले काकाही गेले. ईशान उंचापुरा झालाय, मोडकंतोडकं मराठी बोलतो आणि सुट्टीत आला की आंजर्ल्याला जायचा हट्ट धरतो. बारशाला आपल्यासाठी कोणत्या नावाने पाळणा म्हटला गेला, हे त्याला अजून कोणी सांगितलेलं नाही. सांगितलं तर तो पुढचे शब्द विचारील, आणि ते संपूर्ण येणारं माणूस आता कोणी राहिलेलं नाही. मी एकदा धाकट्या काकांना विचारलं होतं. ते म्हणाले, "मला कसे येतील? मी पाळण्यात होतो." मग उठून पोफळींना पाणी लावायला गेले.